राख कुठे पडेल? अणुस्फोटानंतरच्या किरणोत्सारी धुळीचा अंदाज कसा बांधतात

१ मार्च १९५४ रोजी पहाटे अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी या प्रवाळबेटावर ‘कॅसल ब्राव्हो’ ही चाचणी घेतली. हायड्रोजन बॉम्ब सुमारे ६ मेगाटनांचा, म्हणजे ६० लाख टन टीएनटी या स्फोटकाच्या ताकदीचा ठरेल असं गणित होतं. तो १५ मेगाटनांचा निघाला. इंधनातला लिथियम-७ अभिक्रियेत फारसा भाग घेणार नाही असं धरलं होतं आणि त्याने भरपूर भाग घेतला. बेटाच्या कडेला जवळपास २ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला आणि तिथलं प्रवाळ भुकटी होऊन ढगाबरोबर वर गेलं. ढगाचा माथा ४० किलोमीटरच्या आसपास पोहोचला.

चार-सहा तासांनी पूर्वेला सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या रोंगेलॅप बेटावर पांढरी भुकटी पडू लागली. छपरांवर, पिण्याच्या पाण्यात, अन्नावर, माणसांच्या केसांत. मुलं तिच्यात खेळली. बेटावरच्या ६४ जणांना तिथून हलवेपर्यंत दोन दिवस उलटून गेले होते. मळमळ, उलट्या, कातडीची आग आणि पुढे केस गळणं हे त्यांच्या वाट्याला आलं. तेव्हा लहान असलेल्या अनेक मुलांच्या थायरॉइड ग्रंथीत काही वर्षांनी गाठी झाल्या. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट तर जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. तिच्यावरच्या २३ खलाशांवरही हीच राख पडली. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा यांचा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला मृत्यू झाला.

ब्राव्होची हकिगत सांगताना बहुतेक वेळा ‘बॉम्ब अपेक्षेपेक्षा मोठा निघाला’ इथेच पूर्णविराम देतात. मला ते अपुरं वाटतं. मोठा बॉम्ब राख जास्त उंच नेतो, जास्त मुलखावर पसरवतो, हे खरं. पण ती राख पूर्वेला जाणार की उत्तरेला, हे वारा ठरवतो. आणि आदल्या रात्रीच्या हवामान बैठकीत वारे बिघडत असल्याची, सुमारे ६ किलोमीटर उंचीवरचा वारा रोंगेलॅपच्या दिशेने वाहत असल्याची नोंद झाली होती. तरीही चाचणी पुढे ढकलली गेली नाही. त्यामुळे असा अंदाज कसा बांधतात आणि त्यात खात्रीचं किती असतं, हे नीट समजून घेणं मला फार गरजेचं वाटतं.

सुरुवात राखेपासूनच करू. १ किलोटन (मेगाटनाचा हजारावा भाग) ऊर्जा अणूंच्या विखंडनातून, म्हणजे अणू फुटण्यातून बाहेर पडते तेव्हा तयार होणारे किरणोत्सारी तुकडे वजनाला जेमतेम ५७ ग्रॅम भरतात. ब्राव्होसारख्या राक्षसी स्फोटातही ते काहीशे किलोच होते. म्हणजे आकाशातून पडते ती जवळजवळ सगळी साधी माती, वाळू किंवा प्रवाळ असते. किरणोत्सार तिच्यावर स्वार होऊन खाली येतो. त्यामुळे स्फोट किती उंचीवर झाला, हा पहिला प्रश्न ठरतो. हिरोशिमावरचा बॉम्ब सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला आणि त्याचा अग्निगोल जमिनीला टेकला नाही. अशा वेळी किरणोत्सारी वाफ थंड होऊन अतिशय बारीक कण बनतात. ते वरच्या हवेत आठवडे, महिने तरंगत राहतात आणि जगभर विरळ पसरतात. अग्निगोल जमिनीला टेकला की गोष्ट बदलते. हजारो टन माती वितळून वर ओढली जाते, गरम वाफ तिच्या कणांवर बसते आणि हे जड कण काही तासांत खाली येतात. जवळपासच्या मुलखाला मारक ठरतो तो हाच प्रकार, ज्याला जगभर फॉलआउट म्हणतात.

कण किती लांब जाईल हे त्याच्या आकारावर अवलंबून असतं. खळ्यावर धान्य उफणताना दाणे पायाशी पडतात आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो. ढगातही अशीच निवड होते, फक्त उंची दहा-पंधरा किलोमीटरची आणि पसारा शेकडो किलोमीटरचा. बारीक कणांच्या बाबतीत पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: व्यास दुप्पट तर वेग चौपट. फार मोठ्या कणांना हवेचा विरोध वाढतो, तिथे वाढ थोडी मंदावते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे १०० मायक्रॉनचा मातीचा कण सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. १२ किलोमीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला साधारण पावणेसात तास लागतात.

या पावणेसात तासांत तो एकाच वाऱ्यातून जात नाही. हवेचे थर वेगवेगळ्या दिशांना वाहतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. जमिनीपासून ४ किलोमीटरपर्यंत वारा पूर्वेकडून पश्चिमेकडे, ताशी २० किलोमीटर. ४ ते ८ किलोमीटरच्या थरात ईशान्येकडे जाणारा, ताशी ४०. त्याच्या वर १२ किलोमीटरपर्यंत पूर्वेकडे जाणारा, ताशी ८०. आपला कण प्रत्येक थरात सव्वादोन तासांच्या आसपास घालवतो. वरच्या थरात तो जवळपास १८० किलोमीटर पूर्वेला सरकतो, मधल्यात ९० किलोमीटर ईशान्येला आणि खालच्यात ४५ किलोमीटर मागे पश्चिमेला येतो. बेरीज केली की तो स्फोटाच्या जागेपासून सुमारे २०० किलोमीटर पूर्वेला आणि ६५ किलोमीटर उत्तरेला पडतो. आता जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. त्याच्या अंगावरचा वारा पश्चिमेकडे जातोय. धूळ तिकडेच जाणार असं त्याला वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ती बरोबर उलट्या बाजूला, दोनशे किलोमीटरवर पडते.

तोच कण ढगाच्या खालच्या भागातून, समजा ६ किलोमीटरवरून निघाला असता तर? वरचा जोरदार वारा त्याला लागलाच नसता. मधल्या थरातला अर्धा प्रवास आणि खालचा पूर्ण धरला तर तो तीस-पस्तीस किलोमीटरवर, उत्तरेला, थोडा पश्चिमेकडे झुकून उतरतो. एकच स्फोट, एकाच मापाचे दोन कण, आणि दोघांच्या दिशा वेगळ्या. शिवाय कण हजारो मापांचे आणि ढग कित्येक किलोमीटर जाडीचा. या सगळ्यांची जमिनीवरची ठिकाणं नकाशावर मांडली की पंख्यासारखा पट्टा तयार होतो. १९५०च्या दशकात हवामानतज्ज्ञ हे काम कागद, पट्टी आणि कोनमापक घेऊन करत. फुग्यांनी मोजलेले प्रत्येक थरातले वारे बाणांनी काढायचे, एकाच्या टोकाला दुसरा जोडायचा, आणि त्यावरून कुठला मुलूख सापडेल ते पाहायचं. आज संगणक लाखो कल्पित कण सोडून तेच करतो. मूळ बेरीज बदललेली नाही.

मग चूक कुठे होते? वाऱ्याचं मोजमाप चाचणीच्या काही तास आधीचं असतं आणि कण त्यानंतर कित्येक तास पडत असतो. ५० मायक्रॉनच्या कणाला तेच १२ किलोमीटर उतरायला सतरा-अठरा तास लागतात. तेवढ्यात वारा बदलतो, आणि कण तोवर शंभर किलोमीटर सरकून वेगळ्याच वाऱ्याच्या प्रदेशात गेलेला असतो. उंच थरांतली मोजमापं मुळातच कमी असतात. मातीचे कण कुठल्या मापाचे तयार होतील हे माती वाळूची, चिकणमातीची की प्रवाळाची यावर अवलंबून असतं. म्हणून प्रामाणिक अंदाजात एक ठळक रेघ नसते. वारा दहा-वीस अंशांनी वळला तर काय, कण थोडे जाड निघाले तर काय, अशा अनेक शक्यतांचा मिळून एक रुंद प्रदेश असतो. त्या प्रदेशात कुठेही वस्ती असेल तर तिथे राख पडू शकते, असंच धरायला हवं. ब्राव्होच्या वेळी ‘बहुधा पडणार नाही’ हे ‘पडणार नाही’ असं वाचलं गेलं. त्या राखेने सुमारे १८,००० चौरस किलोमीटरचा प्रदेश धोकादायक झाला, हे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने फेब्रुवारी १९५५ मध्ये, म्हणजे जवळपास वर्षभराने सांगितलं.

भारतात त्याचे पडसाद लगेच उमटले होते. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली. पुढच्याच वर्षी किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती स्थापन झाली, आणि भारत तिचा पहिल्यापासूनचा सदस्य आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा करतो तो पाऊस. कोरड्या हवेत जे कण शेकडो किलोमीटर जाऊन विरळ झाले असते, त्यांना पाऊस एकाच जागी खाली आणतो. एप्रिल १९५३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या नेवाडा राज्यात ‘सायमन’ ही अणुचाचणी झाली. तिचा ढग जवळपास अख्खी अमेरिका ओलांडून गेला, आणि दुसऱ्या दिवशी साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतरावर, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरावर गडगडाटी पावसाबरोबर खाली आला. तिथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली किरणोत्सार मोजणारी गायगर यंत्रं अचानक वाजू लागली तेव्हा हे कळलं. वादळी ढग नेमका कधी आणि कुठल्या गावावर कोसळेल हे आजही हवामान खात्याला आदल्या दिवशी सांगता येत नाही. मग त्यातून येणारी राख कशी सांगता येणार? हिरोशिमात स्फोटानंतर पडलेला काळा पाऊस कुठवर पडला, हा वाद तर जुलै २०२१ पर्यंत चालला. तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने, सरकारने आखलेल्या हद्दीबाहेरच्या ८४ जणांना अणुबॉम्बचे पीडित मानलं.

जागेइतकीच वेळही महत्त्वाची आहे. नव्या राखेतले किरणोत्सारी अणू असंख्य प्रकारचे असतात, काही सेकंदांत संपणारे, काही वर्षानुवर्षं टिकणारे. सगळ्यांची मिळून होणारी घट एका सोप्या आडाख्यात बसते: वेळ सातपट झाली की तीव्रता एक दशांश होते. स्फोटानंतर एका तासाने १००० असेल तर ७ तासांनी १००, ४९ तासांनी १० आणि साधारण दोन आठवड्यांनी १. हा आडाखा पहिले काही महिने चांगला लागू पडतो. त्यावरून रोंगेलॅपचं गणित करून पाहा. राख पाचव्या तासाला आली आणि सुटका पन्नासाव्या तासाच्या सुमारास झाली, असं धरलं तर तिथे पहिल्या दोन आठवड्यांत जेवढा किरणोत्सार अंगावर आला असता, त्यातला दोन तृतीयांश या दोन दिवसांतच येऊन गेला. उशीर किती तासांचा झाला एवढंच पाहून चालत नाही. ते सुरुवातीचे तास होते. पहिले २४ तास पक्क्या इमारतीच्या आतल्या भागात किंवा तळघरात थांबा, हा नागरी संरक्षणातला सल्ला याच आकड्यांवर उभा आहे.

आडाखा सगळ्या राखेला एकच समजतो, तशी ती नसते. काही मूलद्रव्यं फार जास्त तापमानालाच घट्ट होतात, ती मोठ्या कणांवर लवकर बसतात आणि जवळच पडतात. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची वाट वेगळी. त्यांचे पूर्वज अणू, झेनॉन आणि क्रिप्टॉन, हे वायू असतात. त्यांचं रूपांतर होईपर्यंत मोठे कण खाली निघालेले असतात. मग सीझियम आणि स्ट्रॉन्शियम उरलेल्या बारीक कणांवर बसून लांब जातात. दोघांचंही अर्धायुष्य, म्हणजे अर्धं उरायला लागणारा काळ, तीस वर्षांच्या जवळपास. स्ट्रॉन्शियमला शरीर कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं. आयोडीन-१३१ आठ दिवसांतच अर्धं होतं, पण त्याची वाट गवतातून गाईकडे आणि दुधातून मुलांकडे जाते, आणि लहान मुलांची थायरॉइड ग्रंथी ते ओढून घेते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९७ मध्ये नेवाडातल्या चाचण्यांचा हिशोब मांडला, तेव्हा त्या देशाच्या मुख्य भूमीवरच्या जवळपास प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हे आयोडीन पोहोचल्याचं दिसलं. नकाशावर जी जागा ‘विरळ’ म्हणून सुटते, तिथे दुधाचं भांडं घरात येतंच. राख कुठे पडेल या प्रश्नाला जोडून तिथे कोण काय खातं-पितं हाही प्रश्न विचारावा लागतो.

आता जमिनीखाली. स्फोट उथळ असेल तर माती आभाळात उडते. ६ जुलै १९६२ रोजी नेवाडात १०४ किलोटनांचा ‘सेडान’ स्फोट १९४ मीटर खोलीवर केला गेला. अणुस्फोटांनी कालवे आणि बंदरं खोदता येतील का हे पाहायचं होतं. सुमारे ३९० मीटर रुंद आणि १०० मीटर खोल खड्डा झाला. इथे अंदाज बांधणाऱ्याला दोन ढग धरावे लागतात: एक वर जाणारा, आणि दुसरा वर उडालेली माती परत कोसळताना जमिनीलगत चहूबाजूंनी पसरणारा धुळीचा लोट. बराच किरणोत्सार मातीतच गाडला जातो हे खरं, पण बाकीचा वाऱ्यावर निघतो. सेडानची राख अमेरिकेच्या मध्य भागातल्या आयोवा राज्यापर्यंत गेली. १५ जानेवारी १९६५ रोजी सोव्हिएत संघाने कझाकस्तानात ‘चगान’ हा असाच स्फोट केला. तिथे आज तलाव आहे, आणि त्या स्फोटाचा माग जपानच्या हवेत लागला होता.

स्फोट पुरेसा खोल असेल तर काहीच बाहेर येऊ नये. आतला खडक वितळून पोकळी होते, किरणोत्सारी द्रव्यांचा मोठा भाग वितळलेल्या खडकात अडकून काचेसारखा गोठतो, आणि दाबाने आवळला गेलेला भोवतालचा खडक वाट बंद ठेवतो. अमेरिकेत खोलीचा ठोकताळा होता: किलोटनांच्या संख्येचं घनमूळ काढून त्याला साधारण १२० मीटरने गुणायचं. १० किलोटनांसाठी ते २६० मीटरच्या आत येतं. नेवाडातला १८ डिसेंबर १९७० चा ‘बेनबेरी’ स्फोट १० किलोटनांचा होता आणि तो सुमारे २७८ मीटर खोल होता. म्हणजे नियमात चोख बसणारा. काही मिनिटांत जमिनीला भेग पडली आणि किरणोत्सारी धूळ आणि वायूंचा ढग ३ किलोमीटर उंच गेला. चाचणीस्थळावरच्या ८६ कामगारांना किरणोत्सार लागला. नंतरच्या तपासात दिसलं की तिथल्या चिकणमातीत कुणी धरलं नव्हतं इतकं पाणी होतं. पाण्याची वाफ झाली, दाब वाढला, आणि मऊ माती वाट आवळून धरू शकली नाही. यानंतर सहा महिने चाचण्या बंद ठेवून खडकांच्या तपासणीचे नियम कडक केले गेले. चुनखडीसारख्या खडकाचीही काळजी घ्यावी लागते, कारण तो तापला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. वाफ थंड होऊन पाणी होते, हा वायू तसाच राहतो आणि दाब टिकवून धरतो. जमिनीवरच्या स्फोटात जी अनिश्चितता वाऱ्याची, ती इथे खडकाची. आणि खडक फुटलाच तर पुन्हा वारा आहेच. ११ मे १९९८ रोजी पोखरणला स्फोट जमिनीखालीच होणार होते, तरी वारा अनुकूल होईपर्यंत थांबावं लागलं आणि दुपारचे पावणेचार वाजले.  बंद राहणार अशी खात्री असलेल्या स्फोटासाठीही वारा पाहावा लागतो, याचं कारण बेनबेरीत आहे.

अंदाज बरोबर असूनही उपयोगी न पडण्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं, जरी ते बॉम्बचं नसून अणुभट्टीचं आहे. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची दुर्घटना घडली तेव्हा जपानकडे ‘स्पीडी’ नावाची, वाऱ्यावरून किरणोत्साराची दिशा सांगणारी संगणक यंत्रणा तयार होती. भट्टीतून नेमकं किती बाहेर पडतंय हे माहीत नसल्याने तिची गणितं पक्की मानली गेली नाहीत, आणि ती लोकांसमोर यायला २३ मार्च उजाडला. दरम्यान नामिए गावातले अनेक जण वायव्येला त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले होते. १५ मार्चला ढग त्याच बाजूला गेला आणि पाऊस-बर्फाबरोबर खाली आला. किती राख पडेल हे माहीत नव्हतं, दिशा मात्र यंत्रणेला दिसत होती. तेवढीही माहिती त्या माणसांना वेळेत मिळायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

हेच गणित उलटं चालवण्याचं काम आता जास्त होतं. जगभर पसरलेली निरीक्षण केंद्रं हवेतले कण आणि झेनॉन वायू मोजतात, आणि वाऱ्याच्या नोंदी मागे मागे नेत तो कुठून आला असेल ते शोधतात. ऑक्टोबर २००६ मध्ये उत्तर कोरियाने केलेल्या भूमिगत स्फोटाचा झेनॉन कॅनडातल्या यलोनाइफच्या केंद्रावर सापडला. फेब्रुवारी २०१३ च्या स्फोटानंतर मात्र बरेच दिवस काहीच मिळालं नाही. सुमारे ५५ दिवसांनी, एप्रिलमध्ये, जपानमधल्या ताकासाकी केंद्राच्या नमुन्यात झेनॉनचे दोन प्रकार आले. वैद्यकीय वापराचे किरणोत्सारी समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) बनवणाऱ्या कारखान्यांतूनही झेनॉन निघतो, त्यामुळे नुसत्या सापडण्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. पण दोन्ही प्रकार वेगवेगळ्या वेगाने घटतात, त्यामुळे त्यांच्या प्रमाणावरून वायूचं वय काढता आलं. ते पन्नासहून अधिक दिवसांचं निघालं, आणि वाऱ्याची मागची वाट उत्तर कोरियाच्या चाचणीस्थळाशी जुळली.